दिवाणखान्यातली मेढ

चिमणाबाई आकाराम शिंत्रे, माहेरच्या चिमणाबाई दौलतराव इंगवले. जन्म सन १९४४. तारीख कोणी लिहून ठेवली नाही, मात्र खळ्यावर भाताची मळणी सुरू होती एवढे आई सांगत असे. मृत्यू बुधवार, दिनांक ११ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या घरी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. मी तिचा धाकटा भाऊ. घरात आम्ही तिला आक्का म्हणत असू. यापुढे मी तसेच आणि एकेरीतच लिहीन, कारण तिच्याविषयी आदरार्थी बहुवचन वापरले की आपण कोणा परक्या बाईंचा अर्ज निकाली काढीत आहोत असे मला वाटू लागते.

तिच्या वर्षश्राद्धाला नातलगांना वाटण्यासाठी एक छोटी पुस्तिका काढावी आणि ती मी लिहावी, असे सर्वांनी ठरवले. घरात शिकलेला मी, एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला मी, तेव्हा हे काम माझ्याकडे येणे स्वाभाविक होते. अशा पुस्तिकेत दिवंगत व्यक्तीचे गुण सांगायचे असतात. ते मी सांगेनच. परंतु तिच्या शेवटच्या दोन वर्षांत मी तिच्याकडून एक मांजर काढून घेतले, आणि ती हकीकत वगळून केलेले गुणवर्णन माझ्या हातून उतरत नाही. तीन वेळा कागद फाडून झाल्यावर हे चौथ्यांदा लिहीत आहे.

आक्का शाळेत गेली नाही. आमच्या घरी घायपाताची पाने कुजवून, बडवून त्यांचा वाख काढीत. उघड्या मांडीवर पीळ देत त्या वाखाची दोरी वळण्याचे काम तिच्याकडे होते. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून तिच्या उजव्या मांडीची कातडी घट्ट झाली होती. बैलाची वेसण, विहिरीचे सोल, पाळण्याची दोरी, सगळे तिच्या हातचे असे. मी तिसरीत असताना एका दुपारी पाटीवर तिचे नाव लिहून दिले आणि ते गिरवायला लावले. ती तेरा वर्षांची असेल. चार दिवसांत तिला स्वतःचे नाव लिहिता येऊ लागले. त्यापुढे मी काही शिकवले नाही आणि तिनेही मागितले नाही. माझ्या अक्षरात तेव्हा ‘णा’चा काना उजवीकडे कलत असे. पुढे माझे अक्षर सुधारले; तिचा काना जन्मभर कललेलाच राहिला.

सन १९६१ मध्ये तिचे लग्न बिद्रीच्या पलीकडच्या एका वाडीत, आकाराम शिंत्रे यांच्याशी झाले. चार म्हशी, थोडा ऊस, थोडे भात. मूल झाले नाही. दिराचा मुलगा सम्राट याला तिने अंगाखांद्यावर वाढवले. पंचावन्न वर्षे ती पहाटे चारला गोठ्यात जात असे. त्या गोठ्याच्या मधोमध शिसवी लाकडाची एक मेढ होती. छपराचा भार तिच्यावर, म्हशीचे दावे तिला, आणि घरातल्या मांजरांच्या पिढ्यान्पिढ्या तिच्यावरच नखे घासत आलेल्या. माणसाच्या कमरेपर्यंत ती मेढ खरवडून खरवडून बारीक झाली होती, असे आक्का कौतुकाने सांगे. सन २०१६ मध्ये आकारामभाऊजी गेले. पुढे सम्राटने जुना गोठा पाडून सिमेंटच्या खांबांचा नवा बांधला.

माझी पत्नी संयोगिता २०१८ मध्ये वारली होती. मुलगा परदेशी. आक्काला दम्याचा त्रास सुरू झाला आणि औषधोपचारासाठी शहर जवळ असावे म्हणून रविवार, दिनांक ९ जानेवारी २०२२ रोजी ती माझ्याकडे राहायला आली. सम्राट तिला सोडायला आला होता. सोबत एक पत्र्याची ट्रंक, एक पितळी घागर आणि कापडाने तोंड बांधलेली एक बांबूची बुट्टी, म्हणजे टोपली. बुट्टी हलत होती.

“आक्का, हे काय?”

“मांजर.”

“ते दिसते आहे. इथे कशासाठी?”

“माझ्यासाठी.”

राखी रंगाची, पोटाखाली पांढरी, तीन वर्षांची मांजरी. नाव भुरी. जुना गोठा पाडायच्या आदल्या आठवड्यात तिचा तेथेच जन्म झालेला. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. खाली रस्त्यावर वाहने आणि गल्लीत कुत्री. त्यामुळे तिला बाहेर सोडणे शक्य नव्हते. अंगणात, गोठ्यात, उसात फिरलेले जनावर दोन खोल्या, दिवाणखाना आणि मागची गॅलरी एवढ्यात कोंडले गेले. आक्काला मी मागची खोली दिली. तीही गॅलरीच्याच बाजूला. स्वच्छ आणि हवेशीर, असे मी तेव्हा सर्वांना सांगत असे.

आता सोफ्याविषयी. तो सन २००७ मध्ये माझ्या निवृत्तीनंतर सुताराकडून सागवानात करून घेतला. त्याचे हिरवट कापड संयोगिताने निवडले. त्यासाठी आम्ही चार दुकाने फिरलो होतो. पहिली तीन वर्षे त्यावर प्लॅस्टिक होते. पंधरा वर्षांत त्यावर चहाचा थेंब सांडला नव्हता. भुरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासहा वाजता, ती झोपेतून उठली, दिवाणखान्यात आली, सोफ्याच्या डाव्या हाताला पुढचे दोन्ही पाय उंच टेकवून तिने पाठ लांब ताणली आणि नखे खाली ओढली. कापड फाटल्याचा आवाज मला न्हाणीघरात ऐकू आला.

मी त्याच दिवशी एक वही सुरू केली. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, स्थान, ओरखड्याची लांबी सेंटिमीटरमध्ये, शेरा. पहिली नोंद: ११ जानेवारी, सकाळी ६.१५, डावा हात, नऊ, ‘समज दिली’. समज कोणाला दिली ते लिहिलेले नाही. बहुधा आक्कालाच दिली असावी.

“ती मुद्दाम करत न्हाय रं बाळा,” आक्का म्हणाली. त्र्याहत्तराव्या वर्षीही मी तिच्यासाठी बाळ होतो. “नखाची जुनी साल सोडती ती. ही बग.” तिने सोफ्याखालून भुरीच्या नखाचे एक पोकळ टरफल काढून माझ्या तळहातावर ठेवले. “आन् दुसरं, जितं मानसं बसत्यात तितंच ती आपली खूण करती. हे घर माझं हाय म्हंती.”

“घर माझे आहे.”

“तुझंच हाय की. ती काय कागुद मागाय आलीया व्हय?”

त्याच सुमारास गणपती भेटायला आला. हा आमच्या कार्यालयातला जुना शिपाई. निवृत्तीनंतर मलकापूरला स्वतःच्या घरी राहतो आणि डोळ्यांच्या औषधासाठी महिन्या-दोन महिन्यांनी कोल्हापूरला येतो. भुरीला पाहून तो मोठ्याने हसला. “आक्का, नाव चिमणा आन् पाळलंय मांजार!”

“मग? मांजराला वळण चिमणीनंच लावाय पायजे,” आक्का म्हणाली, “तुमच्या सायबावानी वह्या लिवून लागत न्हाय ते.”

गणपती हसता हसता थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मीही हसलो, पण वही बंद केली नाही.

दिनांक ६ फेब्रुवारीला मी एक करारपत्र तयार केले. सख्ख्या बहिणीशी कोणी करारपत्र करीत नाही हे मला समजते. परंतु आयुष्यभर प्रत्येक मतभेद मी कागदावर आणूनच मिटवला होता. त्यात लिहिले होते की मांजरासाठी योग्य ती व्यवस्था आक्काने करावी. दिनांक ३० जूनपर्यंत सोफ्यावरील ओरखडे थांबल्यास मांजर याच घरी कायम राहील. न थांबल्यास त्याची अन्यत्र सोय करण्यात येईल. आक्काने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

“थांबलं तर ऱ्हाईल, असं लिवलंयस न्हवं?”

“होय. स्पष्ट लिहिले आहे.”

तिने सही केली. मी शिकवलेली सही, कललेल्या कान्यासह.

पहिली व्यवस्था मनालीने केली. मनाली ही सम्राटची मुलगी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासण्याच्या विभागात नोकरीला आहे. तिने दुकानातून मांजरासाठीचा तयार खांब आणला: गुलाबी, गुडघ्याएवढा, मऊ कापड गुंडाळलेला. भुरीने पंजे टेकवताच तो तिच्यासकट आडवा झाला. मांजर दोन तास पलंगाखालून बाहेर आले नाही.

“हालनाऱ्या मेढीला कुठलं जनावर अंग लावंल गं?” आक्का मनालीला म्हणाली. “आन् एवढीशी! तिला उभं ऱ्हाऊन पाठ सोडाय पायजे. तुझ्या आज्जाची मेढ पडलीया न्हवं गोठ्यामागं? बाबाला सांग, तिचा तीन हात तुकडा काढ म्हणावं. आन् जात्याचा खालचा दगड आन म्हणावं, मधी भोक हाय त्याला.”

रविवार, दिनांक १३ मार्च रोजी सम्राट ते दोन्ही घेऊन आला. दगड खांद्यावर घेऊन दोन जिने चढताना त्याचा श्वास फुलला होता, तरी तोंड चालूच होते. “काकी, मांजराला मेढ आनली. उद्या कोंबडीला माडी बांधू म्हणशील!”

“बांध की. तुला कोन नगं म्हंतंय?”

त्याने मेढीचे टोक तासून जात्याच्या खुंट्याच्या भोकात बसवले आणि चारी बाजूंनी पाचरी ठोकल्या. मी स्वतः दोन्ही हातांनी ढकलून पाहिले. मेढ तसूभर हलली नाही. त्यानंतर आक्का दोन दिवस जमिनीवर बसून गावाकडून मागवलेल्या वाखाची दोरी वळत होती. मांडीवरून तळहात पुढे जाई, मागे येई आणि दोरी तिच्या पायाशी वेटोळे घालून वाढत राही. भुरी समोर बसून हलणाऱ्या टोकाकडे पाहत होती. मग आक्काने ती दोरी मेढीला खालपासून वरपर्यंत गुंडाळली. एका वेढ्याशेजारी दुसरा इतका घट्ट की मधे नख जाईल पण बोट जाणार नाही. सांगायला हवे ते सांगतो: इतके नेटके काम मी फार थोड्या लोकांच्या हातून झालेले पाहिले आहे. मी तिला तसे म्हटले नाही.

“जात्याचा वरचा दगूड तिकडं एकलाच हाय,” काम संपल्यावर ती म्हणाली. “मांजार हाय तवर हा हितं. मग परत धाडायचा. जात्याला जोड पायजे.”

मेढ कोठे ठेवायची यावरून आमचा वाद झाला. आक्काच्या मते ती सोफ्याच्या डाव्या हाताला लागून, दारासमोर हवी होती. मी म्हटले, तेथे ती शक्य नाही. दिवाणखान्यात येणाऱ्याची पहिली नजर तेथेच जाते. मी मेढ मागच्या गॅलरीत, धुण्याच्या यंत्राच्या बाजूला ठेवून घेतली. तेथे ती बसत होती, अडचण नव्हती आणि कोणाला दिसत नव्हती.

दिनांक १६ मार्च ते २ जून या काळात वहीत सेहेचाळीस नोंदी आहेत. वेळ बहुतेक दोनच: पहाटे उठल्यावर आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास, झोप झाल्यावर. स्थान एकच: डावा हात. भुरी गॅलरीत जाई, मेढीचा वास घेई आणि परत दिवाणखान्यात येई. प्रत्येक नोंदीनंतर मला एक प्रकारचे समाधान वाटत असे, हे लिहिताना मान खाली जाते.

मग गॅलरीतून खालच्या मजल्यावर पाणी गळू लागले आणि फरशा काढून काम करणे भाग पडले. दिनांक ३ जून रोजी कामगारांनी गॅलरी रिकामी केली. जात्याच्या दगडासकट मेढ त्यांनी उचलून आणली आणि “कुठं ठिऊ?” असे विचारले. मी दूरध्वनीवर होतो. आक्काने बोट दाखवले. मेढ सोफ्याच्या डाव्या हाताला लागून उभी राहिली.

त्या संध्याकाळी भुरी झोपेतून उठली, सोफ्याकडे आली, थांबली आणि मेढीवर पंजे टेकवून लांबच लांब ताणली गेली. वाखाच्या दोरीचा कर्र कर्र आवाज आला. आक्का सोफ्यावर बसली होती. फक्त माझ्याकडे पाहून तिने भुवया उंचावल्या. दिनांक ३ ते १९ जून हे सतरा दिवस वहीत एकही नोंद नाही. मात्र मी पान रिकामे ठेवले नाही. १० जूनच्या रकान्यात शेरा आहे: ‘ओरखडा नाही. हवामानामुळे मांजर सुस्त असावे.’

त्या सतरा दिवसांत आक्का रोज दुपारी दिवाणखान्यात येऊन बसत असे. तत्पूर्वी ती बहुधा मागच्या खोलीतच असायची. मला वाटे, तिला तेथेच बरे वाटते.

रविवार, दिनांक २६ जून रोजी आमच्या निवृत्त कर्मचारी संघाची सभा माझ्या घरी होती. गॅलरीचे काम १९ तारखेला संपले. २० तारखेला सकाळी मी रखवालदाराला बोलावून मेढ परत गॅलरीत नेण्यास सांगितले.

“ऱ्हाऊ दे की ती हितंच, बाळा,” आक्का म्हणाली. “सतरा दीस झालं, तुझ्या सोफ्याला नख लावलं न्हाय तिनं. थांबलं का न्हाय?”

“रविवारी चौदा माणसे येणार आहेत, आक्का. मेढ गोठ्यात शोभते.”

“गोठ्यातली मीबी हाय की.”

रखवालदाराने दगडाखाली हात घातला होता. तो माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, “उचला.”

सभा व्यवस्थित पार पडली. सोफ्याच्या डाव्या हातावर मी घडी केलेली शाल टाकली होती. आक्काने चौदा जणांना चहा दिला आणि ती मागे निघून गेली. एकाने विचारलेही, “त्या कोण?” मी सांगितले, “थोरली बहीण.” तिला बाहेर बोलावून ओळख करून द्यावी, हे सुचले नाही.

दिनांक २० ते ३० जून या काळात वहीत नऊ नोंदी आहेत. ३० तारखेच्या रात्री जेवताना मी कराराची आठवण दिली. माझी अपेक्षा होती की ती भांडेल. सतरा दिवसांचा मुद्दा काढेल. तिने तो काढला असता तर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि नसल्यामुळे कदाचित मी नमते घेतले असते. ती म्हणाली, “सही केलीया. आता काय?” आणि भाकरीचा उरलेला तुकडा दुधात कुस्करून भुरीच्या वाटीत घातला.

दुसऱ्या दिवशी गणपती डोळ्यांच्या औषधासाठी आला होता. मी आधीच बोलून ठेवले होते. “लई ब्येस झालं सायेब, माळ्यावर उंदरं लई झाल्यात,” तो म्हणाला. भुरी माझ्या हाती लागेना. शेवटी आक्कानेच तिला मांडीवर घेतले, आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा बुट्टीत अंथरला, तिला आत ठेवले आणि तोंड बांधले. गाठ तिने स्वतःच्या हाताने, ओढली तर आवळेल पण काचणार नाही अशी मारली. “मलकापुरात गोठा हाय न्हवं तुमच्यात?” तिने गणपतीला विचारले. “हाय की, आक्का.” “मेढ हाय?” “हाय की.” “मग बरं.”

तिसऱ्या दिवशी गणपतीचा दूरध्वनी आला. “सायेब, मांजार गेलं की वो. सकाळी दूध ठिवलं तर जाग्यावर न्हाय. समदीकडं हुडाकलं.” आक्का तेव्हा मागच्या खोलीत होती. मी दूरध्वनी ठेवला. काही वेळाने तिने विचारले, “गनपतीचा फोन आलता?”

“होय. मांजर मजेत आहे म्हणतो.”

माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खोटी नोंद केली नाही. त्या दिवशी जे बोललो ते कोठे लिहिले नाही, एवढ्यावरच मी स्वतःची समजूत घातली. त्यानंतर दर आठवड्याला ती विचारी आणि मी सांगे: उंदीर पकडते, अंगाने भरली आहे, गोठ्यातच झोपते. दिवाळीनंतर तिने विचारणे सोडले. मला वाटले, वयोमानाने विसरली. मनातून हायसे वाटले.

तिने कधी तोंड फिरवले नाही की अबोला धरला नाही. माझा सकाळचा चहा सहा वाजता टेबलावर असे. फक्त ती पुन्हा दिवाणखान्यात बसली नाही. मेढ गॅलरीतच होती. तिने दोन-तीनदा म्हटले, “तेवढा दगूड तरी परत धाड रं.” मी म्हणत असे, सम्राट आला की देऊ. सम्राट चार वेळा येऊन गेला. दर वेळी काही ना काही कारण निघाले आणि दगड राहिला. २०२३ च्या पावसाळ्यात तिचा दमा वाढला. शेवटचे नऊ दिवस ती अंथरुणावर होती. मी पथ्य, औषधांच्या वेळा, तापाचे आकडे सर्व टिपून ठेवले. जे सांगायचे होते ते सांगण्यासाठी माझ्यापाशी नऊ दिवस होते.

दहाव्या दिवशी पंचगंगेच्या घाटावरून परतताना गणपती माझ्या शेजारी चालत होता. तो म्हणाला, “सायेब, एक सांगू? राग न्हाय न्हवं?”

“बोला.”

“त्या मांजराचं. गेल्या दिवाळीला आक्कांचा फोन आलता मला. शेजारनीकडनं लावून घेतलता. मी आपलं सांगून टाकलं, मांजार तवाच गेलंया म्हणून. मला काय ठावं, तुमी सांगिटलं न्हाय ते!”

“मग? ती काय म्हणाली?”

“मंग म्हनल्या, सायबाला सांगू नगा मला कळलंय म्हणून. त्येनं माझ्यासाठीच सांगिटलंय, त्येला वाईट वाटंल.”

मी रस्त्याच्या कडेला थांबलो. गणपतीने माझा हात धरला. त्याला वाटले चक्कर आली.

त्या रात्री मी वही काढली. हे चरित्र लिहिण्यासाठी काढली असे म्हणता येणार नाही. तेव्हा पुस्तिकेचा विषयही नव्हता. सेहेचाळीस नोंदी, मग सतरा दिवस काही नाही, मग नऊ. कोणत्याही कारकुनाने एका नजरेत सांगितले असते की मेढ दिवाणखान्यात होती तेव्हा ओरखडे थांबले होते आणि मेढ गॅलरीत नेताच पुन्हा सुरू झाले. माझ्या हाताखाली कोणी अशा कागदांवरून उलटा निष्कर्ष काढला असता तर मी त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला असता. आणि मला ते कळले नव्हते असेही नाही. १० जूनचा तो शेरा लिहिताना मी शाई वाळेपर्यंत पेन हातात धरून बसलो होतो, हे मला अजून आठवते. मला दिवाणखान्यात मेढ नको होती. बाकी सर्व त्यानंतर लिहिले गेले.

त्यानंतर मी मलकापूरला चार वेळा जाऊन आलो. गणपतीच्या गोठ्यातली मेढ पाहिली. शेजारच्या घरांत, भाताच्या गिरणीत, एस.टी. स्थानकामागे चौकशी केली. एका बाईने राखी मांजर बाजारात पाहिल्याचे सांगितले. तो बोका निघाला. भुरीचा शोध लागलेला नाही.

आता जे उरले होते त्याची व्यवस्था. पितळी घागर सम्राटच्या पत्नीकडे गेली. ट्रंक मी ठेवून घेतली आहे. जात्याच्या दगडाविषयी मी सम्राटला म्हटले की आक्काची तो परत नेण्याची इच्छा होती आणि ती मी पुरी केली नाही, हा माझा दोष. तो म्हणाला, “नानामामा, वरचा दगूड तुळशीपाशी हाय, तो कुठं जात न्हाय. काकीनं हा मांजरासाठी काढलता. मनालीनं दोन मांजरं पाळल्यात, तिच्याकडं ऱ्हाऊ दे. मांजरं हाईत तवर.” मला ते पटले. मेढ आणि दगड मी मनालीच्या कागलच्या भाड्याच्या घरी टेम्पोने पोहोचवले आणि स्वतः सोबत गेलो. तिच्या सोफ्याचा कोणता हात फाटला आहे ते पाहून मेढ त्याला लागून उभी करून घेतली. दोरी दोन ठिकाणी सैल झाली होती. ती मला घट्ट करता आली नाही. मनालीने यंत्रावर वळलेली दोरी आणून तेवढा भाग नव्याने गुंडाळला. बाकी वेढे आक्काचे आहेत.

गेल्या महिन्यात मनालीचा दूरध्वनी आला. “आजोबा, रविवारी मला बघाय पावणं येनार हाईत. मम्मी म्हंती मेढ तेवढी आतल्या खोलीत सरकव. एकाच दिवसापुरती. सरकवू काय?”

“नको,” मी म्हणालो.

“लई जन येनार हाईत हो.”

“येऊ देत. विचारले तर सांग, माझ्या आज्जीची आहे.”

माझ्या सोफ्याच्या डाव्या हाताचे कापड मी बदललेले नाही. करारपत्र वहीत होते. ते काढून मी त्याच्या तळाशी लिहिले: ‘दिनांक ३ जून ते १९ जून २०२२ या काळात ओरखडे पूर्णतः थांबले होते. ठरलेली अट पाळली गेली होती. मांजर याच घरी राहावयास हवे होते. दिनांक ३ जुलै २०२२ पासून मांजराविषयी मी जे सांगितले ते खोटे होते.’ खाली तारीख घालून सही केली. शेजारी दुसऱ्या पक्षाच्या सहीसाठी नेहमीप्रमाणे जागा सोडली आहे. ती भरली जाणार नाही.